सात घरचं पित्तर

धामणगाव बढे
५ सप्टेंबर २०१९

चि. कोकिळाले दादाचा आशीर्वाद.

तुह्या नावामांगं आता ‘गंगाभागीरथी’ लिहायची रीत हाय. माह्यानं ते लिहवत नाही, म्हणून चिरंजीवच लिहिलं. इकडे सगळं ठीक. तुह्या वहिनीचे गुडघे धरतात, तोंड मातर चालू हाय. यंदा पाणी बरं झालं. कपाशी छातीले लागली, पण बोंड फोडून पाह्यलं नाही. भेव वाटते.

फोन करून सांगितलं असतं, पण तुहा आवाज आयकला की मी फोन ठेवून देतो. सिंधूताई मेहकरवरून आली तवा तुहा निरोप भेटला. “दादाले म्हणा, साऱ्या गावचं पित्तर होऊन जेवता. सर्वपित्रीले ह्यायचं पान हाय. माह्या घरचाच पाट काऊन जड झाला तुमाले?” बिचारी सिंधूताई सांगून उभी राह्यली, मी तिले चहा बी इचारला नाही.

बाई, माह्यानं बसणं होत नाही. डॉक्टरनं मनाई केली. तुले हा बहाणा वाटंल, म्हणून नीट सांगतो.

गेलेल्या माणसाच्या नावानं पाटावर बसून जेवाचं काम बाबानंतर माह्याकडे आलं, हे तुले ठाऊकच हाय. पहिले साऱ्या पक्षात चार-पाच घरं होत. मांगच्या दहा-बारा सालात तरण्याताठ्या पोरायचे फोटो भिंतीवर चढले, तशी घरं वाढत गेली. खीर, वडे, भजे, वरून तुपाची धार. अन् पित्तरानं ‘पुरे’ म्हणायचं नसते, म्हटलं की घरच्यायले वाटते आपला माणूस रुसला. एका माउलीनं पोराच्या नावानं पाचव्यांदा खीर वाढली तर ‘नको’ कसं म्हणू? बरं, पक्ष सरला तरी आखजीचं, अक्षय्यतृतीयेचं, पान हाय, वर्षश्राद्धं हायत. ती खायची चट घरीबी सुटत नाही. पोट पुढं अन् माणूस मांगं, अशी गत झाली. लोक म्हणत, कारभारी खात्यापित्या घरचा दिसते. मी म्हणो, हाव बे, मेलेल्यायनं पोसला हाय!

हसलो तवा. आता हसू येत नाही.

सत्यभामाबाईच्या घरी तिच्या सासऱ्याच्या पाटावर बसलो होतो. एकाएकी माह्या तोंडून निघालं, “ठेच्यात शेंगदाणे काऊन नाही टाकले, सुनबाई?” तिच्या हातातली पळी खाली पडली. ती म्हणते, म्हातारा रोज हेच म्हणे, ह्याच शब्दात. कोकिळा, मी त्या म्हाताऱ्याशी जन्मात बोललो नव्हतो. तवापासून लोक मले हात जोडून नेऊ लागले. मलेबी ते गोड लागलं, खोटं काऊन बोलू?

पण दोन साल झाले, येगळंच होऊन राह्यलं. कोणाच्याबी पाटावर बसलो की उजव्या कानाशी कोणतरी हळूच म्हणते, “दोन घास.” मांगं वळून पाह्यलं तर भिंत. सात घरी जेवून आलो तरी पोटात खड्डा. कावळा पान शिवत नाही, कौलावर बसून माह्या तोंडाकडे पाहत राहते.

मंग मानेवर काळा पट्टा उमटला. मळ असंल म्हणून तुह्या वहिनीनं वज्रीनं घासला, रगत आलं, पट्टा जागचा हलला नाही. या साली तो गळ्याले फिरून पुढं आला. दम लागे, म्हणून बुलढाण्याले गेलो. आधल्या संध्याकाळपासून पाण्याबिगर काही घेतलं नव्हतं. रक्त काढणारे वकारभाई नळी घेऊन बाहेर आले. “चाचा, खीर खाऊन आले का?” नळीत खाली लाल, वर पांढरं, दुधासारखं. मी म्हटलं, बारा तासाचा उपाशी हाय. त्यायनं परत काढलं. परत पांढरं. मी बाकड्यावर बसलो. मी जेवलो नाही, तर माह्यात जेवलं कोण?

डॉक्टरीणबाईनं समजावलं, लेकीसारखी बोलली. “काका, पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं. इन्सुलिन पेशीचं दार वाजवतं, पेशी उघडत नाही, साखर बाहेर ताटकळते. मग शरीर अजून इन्सुलिन सोडतं. तिकडे लिव्हर स्वतःच चरबी तयार करून रक्तात ओतत राहतं, तुम्ही उपाशी असलात तरी. म्हणून रक्त असं दिसतं. चांगलं कोलेस्टेरॉल घटलंय, वाईट वाढलंय, हृदयाच्या नळ्या अशानंच बंद होतात. मानेवरचा पट्टा त्याचीच खूण. घासू नका. वजन उतरवा, रोज चाला, गोड-तळण बंद, गोळ्या घ्या. अजून वेळ आहे.”

सगळं समजलं. गोळ्या घेऊन राह्यलो, पाच किलो उतरलो. पण पट्ट्याचं समजूनबी पटत नाही. तसा पट्टा मी एका गळ्याले पाह्यला हाय, दोर सोडल्यावर. तूबी पाह्यला.

डॉक्टरचं खरं हाय, बाई, पण कारण ते नाही. मले भेव हाय, तुह्यासमोर त्याच्या पाटावर बसलो अन् सत्यभामाबाईच्या घरी झालं तसं झालं तर? माह्याच तोंडानं इंद्रभान बोलला तर? त्यानं सांगायच्या आधी मीच सांगतो.

तो त्या दिवशी माह्याकडे आल्ता.

तू साऱ्यायले इचारत फिरली, सकाळी घरातून निघून कुठं गेले होते म्हणून. मी मान खाली घालून बसलो. सर्वपित्री होती. तुही वहिनी माहेरी. मी धोतर नेसून निघालो तर दारात इंद्रभान. रुमालात कपाशीची फुलं आणली होती, पाकळ्या चिकटलेल्या. एक उकलून दाखवलं, आत गुलाबी अळी. “भाऊ, बीटीचं बियाणं, अळी लागत नाही म्हणून एक फवारा नाही मारला. सारं वावर असंच हाय.” मी म्हटलं, सात घरी पानं वाढून हायत, मंग बोलू. तो म्हणे, “भाऊ, कालपासून पोटात काही नाही. दोन घास भेटतीन का?”

मी काय म्हटलं, आयक. “आज पित्तर जेवल्याबिगर जित्याले वाढत नाही. बस ओट्यावर.” अन् दाराले कुलूप लावून गेलो.

सातही घरी जेवलो. आलो तर ओट्यावर रुमाल होता, माणूस नव्हता. मले वाटलं, रागानं गेला असंल, उद्या समजूत काढू. फोन बी नाही केला. पोट जड झालं होतं, मी निजलो.

मेलेल्यायच्या नावानं सात पानं जेवलो, कोकिळा, अन् तुह्या जित्या नवऱ्याले उपाशी लावून देल्लं.

सर्वपित्रीले मी सकाळच्या गाडीनं येतो. पाटावर बसवू नको, त्या पाटावर बसायचा माहा हक नाही. इंद्रभानचं पान वाढ, त्याले पोटभर जेवू दे. मी तुह्या अंगणात उभा राहीन. मंग मले घरात घ्यायचं का आल्या पावली लावून द्यायचं, ते तू ठरव. लावून देल्लं तरी मी तोंडातून ब्र काढणार नाही.

‘तुहा दादा’ लिहाले हात धजत नाही.

कारभारी