पत्रातून वगळलेला पाय

भूम, रविवार

प्रिय संघप्रिया,

बंगळूरहून तू पाठवलेल्या लेखाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. पान दोनवर तू तुझ्या विषाणूचं चित्र काढलंस आणि त्याला सहा पाय दिलेस. संस्कृतात षट्पद म्हणजे भुंगा; कमळाशिवाय कुठं बसायचं नाही अशी त्याची ख्याती. अठ्ठावीस वर्षं इथल्या शाळेत मी पोरांकडून हे घोकून घेतलं, आणि माझ्याच मुलीनं ती पदवी गटारात सापडणाऱ्या, जिवाणूंच्या मानगुटीवर बसणाऱ्या एका उपटसुंभाला बहाल केली!

लेख मात्र दोनदा वाचला. मला कळलं ते असं. चुकलं तर तांबड्या शाईनं कळव. जिवाणूची मूळ वही आत जपलेली असते. कामापुरत्या तिच्या नकला निघतात, त्या तुमच्या संदेशवाहक आरएनएच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी वाचून प्रथिन तयार होतं, आणि काही मिनिटांत घरातलीच कात्री ती कापून टाकते, म्हणजे जुने हुकूम साचत नाहीत. इथवर कारभार आमच्या शाळेच्या कार्यालयापेक्षा बरा. मग हे महाशय शिरतात. आल्या आल्या त्या कात्रीला असा चेव आणतात, की यजमानाच्या चिठ्ठ्यांचा फडशाच. आणि त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांवर दुसरी एक कात्री धावून आली, तर तिचा हात धरायला एक चिमुकलं प्रथिन तयारच! संताप आला मला. घर दुसऱ्याचं, कात्रीही त्याचीच, आणि घरधन्याचाच शब्द घरात पोचू द्यायचा नाही म्हणजे काय?

हा संताप तुझ्या आईसमोर काढला. तिचे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, हे तू जाणतेस. उजव्या कानाशी ओरडलं तर थोडं पोचतं. म्हणून एसटीची जुनी तिकिटं टराटरा फाडून मी तिला प्रात्यक्षिक दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढं काय चिडायलाव? तुमी बी तेच करता की." “ते कसं?” मी तिच्या उजव्या कानाशी ओरडलो. "मी सांगते ते समदं लिवता व्हय पत्रात? पोरीनं एकदा बी माझ्या पायाचं इचारलं न्हाय. तिला ठावं असतं तर ती इचारल्याबिगर ऱ्हायली असती व्हय?"

तिला अक्षरओळख नाही, तिची पत्रं मीच लिहितो, आणि ती मला अशी पकडते! तेव्हापासून मी सगळ्यांवर चिडून आहे. डॉक्टरांच्या कागदाशिवाय कडक गोळ्या देणाऱ्या दुकानदारांवर. जरा बरं वाटलं की त्या मध्येच बंद करणाऱ्यावर. तीन दुकानांतून तीन तऱ्हेच्या गोळ्या आणणाऱ्यावर तर फारच. तो मीच.

संक्रांतीनंतर तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. साखरेचा आजार, त्यात जखम भरेना. तीन पत्रांत तिनं पायाचं सांगितलं. तिन्ही वेळा मी ते गाळलं आणि तिथं हवापाणी भरलं. तुझा प्रबंध अडेल, असं माझं मीच ठरवलं. धाराशिवच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. कागदावर अकरा औषधांची नावं आली. त्यातल्या दहांना जखमेतला जिवाणू दाद देत नाही. अकरावं चालू आहे, आणि पाय ठेवायचा की काढायचा ते येत्या नव्हे, त्यापुढच्या गुरुवारी ठरणार आहे. जिवाणू मारणाऱ्या तुझ्या षट्पदांचा इथं काही उपयोग होत असेल तर डॉक्टरांशी बोल. होत नसेल तर नसो, पण तू ये. आईनं आज सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो: "पोरी, पाय लई ठणकतोय. एकदा येऊन जा." एक अक्षर गाळलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की मला भीती वाटते आहे.

तुझाच,
बाबा