कुचर मटकी

नवीन जालना,
२३ मार्च १९७६

प्रिय वसंत,

तुझ्या आईचा दात पडला. खालचा, उजवीकडच्या सुळ्याशेजारचा. रक्त थांबलं आहे आणि जेवणखाण व्यवस्थित चालू आहे. हे आधी सांगितलं, कारण सर्जेरावमामा तुला त्यांच्या पद्धतीनं लिहितील आणि त्यांच्या पत्रात बहुधा जबडाच गेलेला असेल.

तू चंद्रपूरहून लिहिलं होतंस, 'आई आणि मामा रविवारी राजूरहून तुमच्याकडं हसनाबादला येतील. आईला पसंत पडलं की आपलं पक्कं.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात आई होती, मामा होते, पसंती होती. परभणीला शेतकी कॉलेजात आपण एकाच बाकावर चार वर्षं प्रॅक्टिकल केलं, तेव्हा मी तिथं होते याची तुला आठवण असेल असं धरून चालते. बाकी मी काही म्हणत नाही.

मी शनिवारीच घरी गेले. मुलगी बघायला पाहुणे आले की ताटातलं सगळं 'पोरीनंच केलं' म्हणायचं असतं, हे तुला माहीत आहे. आमच्या आईनं बेत ठरवला मटकीची उसळ, येसराचं भाजकं मसाला-पीठ घालून दाट रस्सा, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. मला स्वयंपाक येत नाही हे आईला माहीत, मला माहीत, शेजारच्या केशरबाईला तर फार दिवसांपासून माहीत. पण मोड आणणं हे माझं रोजचं काम. इथं जालन्याच्या प्रयोगशाळेत बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं आणि किती उगवलं ते मोजायचं, याचाच मला पगार मिळतो. म्हणून मटकीपुरतं खरं बोलता यावं, एवढ्यासाठी मोड आणायचं काम मी घेतलं. मटकी भिजवली, निथळली, फडक्यात बांधून चुलीच्या कडेला उबेत ठेवली आणि अधूनमधून हात लावून ऊब पाहत राहिले. आई वैतागली. "बेबी, मटकी हाय ती, बाळंतीण न्हाई. झोपू दे तिला."

मोड छान आले. पण मटकीत काही दाणे असे असतात की पाणी पीत नाहीत, फुगत नाहीत, शिजतही नाहीत. आम्ही नोंदवहीत त्यांना 'कठीण बी' लिहितो, घरी कुचर म्हणतात. यंदाच्या मटकीत ते जरा जास्तच होते. मी परातीत मटकी पसरून एकूण एक कुचर वेचला, वाटीत काढून चुलीमागं ठेवला आणि साडी बदलायला गेले. इथंच चूक झाली. वाटीवर 'टाकाऊ' अशी चिठ्ठी लावायला हवी होती. अर्थात भाकरी थापायला आलेल्या केशरबाईला वाचता येत नाही. तिनं वाटी पाहिली, "दोन पावणे म्हनत्यात अन् पाच येत्यात, कशाला वाया घालवायचं धान्य," असं म्हणून ती पातेल्यात उलटी केली, आणि वरून मला सांगितलंही नाही; तिचं बोलणं मला आत ऐकू आलं होतं, अर्थ पंगतीत लागला.

पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं, पंगत बसली. आमचे वडील पुंजाराम एरवी फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी एकच वाक्य पाठ केलं होतं, आणि ते नेमकं तुझ्या आईनं पहिला घास तोंडात घेताना म्हटलं. "मटकी पोरीनंच केली बरं का." लगेच आवाज आला. कट्ट. सुकी काडी मोडावी तसा.

मग जे झालं त्याला धावपळ हाच शब्द. तुझ्या आईंनी तोंडावर पदर धरला. मामा म्हणाले, "खडा हाय! खडा!" आमच्या आईनं त्याच क्षणी मला वाऱ्यावर सोडलं. "तिनं कुठं केली, भाऊ? तिला चहा बी येत न्हाई! सगळं केशरबाईनं केलं!" केशरबाई म्हणाली, "मी तं भाकरी थापून राह्यले व्हते, मला काय इचारता?" तेवढ्यात तुझ्या आई पदराआडून बोलल्या, "दात गेला. उसळीत पडला." सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मामांनी आपल्या ताटाकडं पाहिलं, नंतर हळूच ते थोडं लांब सरकवलं.

मला एकच काम येतं, ते मी केलं. आईंची पितळी उचलली, दारातल्या उजेडात नेली, उसळ परातीत पातळ पसरली आणि चमच्याच्या दांड्यानं वेगळं करत गेले. मोडाची मटकी एकीकडं, खोबरं एकीकडं, कुचर एकीकडं. बियाण्याची शुद्धता चाचणी अशीच करतात. 'इतर पदार्थ' या सदरात एक दात मिळाला. धुऊन आईंच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, "मोड मी आणले, फोडणी आईनं दिली. कुचर मी वेचून टाकले होते, ते परत कसे आले हे मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही." केशरबाईला एकाएकी घरी दूध उतू जाईल असं वाटलं.

वडिलांनी मान खाली घातली होती. लग्न मोडलं असंच घरात सगळ्यांनी धरलं. मीही धरलं, आणि त्याचा जो त्रास झाला तो माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त होता.

आणि तुझ्या आई हसायला लागल्या. दात हातात, तोंडाला फट, आणि हसू थांबेना. "दोन साल हालून राह्यला व्हता मेला! वसंता दोनदा जालन्याला दवाखान्यात घेऊन गेल्ता, मी दोन्ही वेळा दारातून पळून आले. इथं बिलकुल कळलं न्हाई." मिठाच्या पाण्यानं चूळ भरून त्यांनी पितळी पुन्हा मागितली, आणि रस्सा-भाकरी कुस्करून डाव्या बाजूनं खाल्ली.

नंतर मागच्या दारी मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. त्या म्हणाल्या, "वसंता व्हय म्हनला, तुझे बाबा व्हय म्हनले, मी बी म्हन्ते. तुला कुनी इचारलं का गं?" मी म्हणाले, "नाही." "मंग मी इचारते. पाह्यजे का माझा पोरगा?" तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडत राहिलं. उत्तर तयार होतं, परभणीपासूनच तयार होतं, पण ते आधी तुला सांगायचं होतं. मी म्हणाले, "त्याला कळवते." त्या म्हणाल्या, "जल्दी कळव. दुसरा दात बी हालून राह्यला." म्हणून हे पत्र. उत्तर हो आहे. तरीही तू मला एकदा विचार. आईंनी विचारलं म्हणून तुला सूट नाही.

तुझीच, विचारण्याआधीपासून,
बेबीनंदा