पोहण्यास योग्य

३ मार्च
खाडीच्या पाण्याची तब्येत सांभाळणारा अधिकारी झालो, म्हणून रोजनिशी. तरंगत्या बोयाला बांधलेला सेन्सर शिंपल्यांनी भरला होता. घासायला घरी आणला. बायकोला बजावलं, कोरडा पडता कामा नये, पाण्यात ठेव, सकाळी नाववाला नेईल. मी बोटीवर जात नाही. मळमळतं म्हणून नव्हे, किनाऱ्यावरून एकूण चित्र नीट दिसतं.

४ मार्च
नाववाल्याचा फोन. पिशवी नेली, बोयाला तीन गाठी मारून बांधली. मोबाइलवर आकडे सुरू. घरात बाबांचा थर्मास सापडत नाही म्हणून आकांत. संशय माझ्यावर. मला तेवढंच काम आहे.

७ मार्च
गढूळपणा जवळजवळ शून्य. हॉटेलवाल्यांना दम दिला होता, त्याचा परिणाम. खारटपणाही साफ गेला. इतकं तर मीही मागितलं नव्हतं. ऑफिसातल्या सहायक बाई म्हणाल्या, समुद्र गोडा कसा होईल, एकदा बाटली भरून तपासू या. काहींना चांगलं बघवतच नाही.
संकल्प: उद्या स्वतः बोटीने जाऊन पाहणार.

८ मार्च
वारा होता. गेलो नाही.
रोज सकाळी सातला पाणी चाळीस अंशांवर जातं, मग हळूहळू निवतं. उष्ण प्रवाह. त्याला माझं नाव द्यावं असं कोणी सुचवलं तर नाही म्हणणार नाही. बाबा थर्माससाठी अजून धुसफुसतात. सकाळी टबात पाय शेकत बसतात तेवढीच शांतता.

११ मार्च
माझ्या आकड्यांवर साहेबांनी पोहण्यावरची बंदी उठवली. प्रमाणपत्रावर सही माझी. रविवारी मुलांची शर्यत, पहिली उडी साहेबांची. आमची कन्या वर्षभर तलावात सराव करतेय, तीही उतरणार. तिने विचारलं, पाणी तोंडात गेलं तर चालेल ना? म्हटलं, खुशाल पी.

१३ मार्च
दुपारी पाण्यात साबण. हॉटेलला नोटीस ठोकली.

१५ मार्च, रविवार
कन्या सकाळीच मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावर गेली. मी निघताना बाबा टबात पाय सोडून बसलेले, तळपायाखाली काहीतरी घोळवत होते. माझा सेन्सर. म्हणाले, टाचेला फार बरं वाटतं. बायको म्हणाली, पाण्यात ठेव असं तुम्हीच सांगितलंत. मग नाववाल्याने काय नेलं? दारावरची पिशवी. तिच्यात थर्मास.
चपला न घालता पळालो. आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. कन्येला शिट्टी व्हायच्या आत दंडाला धरून मागे ओढलं आणि सगळ्यांसमोर ओरडलो की पाणी तपासलेलंच नाही. साहेब तोवर डोक्यासकट आत होते.

१८ मार्च
बाईंनी भरलेल्या बाटलीचा निकाल: खाडी पोहण्यास अयोग्य. साहेब कानात कापूस घालून बसलेत. मी सक्तीच्या रजेवर. थर्मास परत आला, तिन्ही गाठी घट्ट होत्या म्हणे.
कन्या माझ्याशी बोलत नाही. न बोलो. अंगावर पुरळ तरी नाही.
ऑफिसने प्रमाणपत्र परत पाठवलं. बायकोने ते टबाच्या वर भिंतीला चिकटवलंय. बाबा रोज वाचतात आणि पाय सोडतात.