खर्जाची शेवटची तार

३ नोव्हेंबर, झरी
लातूरहून परभणी, तिथून जीपने झरी. हाडं खिळखिळी झाली, पण पियानो बघितला आणि शीण गेला. केशरबाईंचा तो. गेल्या वर्षी विहिरीवर पाय घसरून गेल्या. सात तारखेला त्यांचं वर्षश्राद्ध. लेक प्रियंका बंगळूरहून येऊन वाजवणार, म्हणून तिने मला खर्जाच्या तारा बदलायला बोलावलंय. तिच्या वडिलांनी, शिवशंकरकाकांनी, पिठलं-भाकरी आग्रहाने वाढली. लय मायाळू माणूस.

४ नोव्हेंबर
सगळ्या तारा एकदम काढल्या की ताण बिघडतो. एक काढायची, तिच्या मापाची नवी घालायची. अडकवण्याआधी तारेवरच्या तांब्याच्या वेढ्याच्या दिशेनेच एक पीळ द्यायचा, नाहीतर तार भणभणते. अकरा झाल्या. सर्वांत खालची मात्र जागेवर नाहीच! माप कशाचं घेऊ? काका म्हणाले, तुटली, फेकून दिली. डोकंच फिरलं. शेतकऱ्याच्या घरात तार कधी फेकतात का? माझा बाप वाकडा खिळासुद्धा जपून ठेवतो.

५ नोव्हेंबर
सालगडी व्यंकटीला विचारलं. म्हणाला, शेतातल्या आखाड्यावर, अवजारांच्या खोपीत, तारांचं भेंडोळं टांगलेलं हाय, उद्या बघतो. धूळ पुसताना सर्वांत खालची पट्टी दाबली गेली. तिथे तार नाही, तरी सूर घुमला. तीनदा दाबली. तीनदा घुमला. काका दारात उभे होते, पांढरेफटक.

६ नोव्हेंबर, दुपार
व्यंकटीने तार आणली. तुटलेलीच नाही. दोन्ही टोकांना मुठीभोवती गुंडाळल्यासारखी वळणं, मधोमध बाक. तांब्याच्या वेढ्यात लांब पांढरे केस.
पाय घसरला म्हणे! हरामखोर. आणि मी त्याच्या हातची भाकरी खाल्ली.
प्रियंकाचा फोन लागत नाही. व्यंकटीला पोलीस पाटलाकडे पिटाळलं. तार लपवायला एकच जागा होती. केसांसकट पियानोत चढवली.

तीन वाजता
शिवशंकरने बाहेरून कडी लावली.

सव्वातीन
आत आलाय. शांतपणे म्हणाला, "माझी तार दे, बाई."
सूर आपोआप सुरू झाला — त्याला कळलं. हात आत घातला —
तारेची खुंटी फिरायलीय. कुणी फिरवत नाही. तार त्याच्या बोटांवर आवळत चाललीय. सोडव म्हणतो. खुंटी फिरवायची किल्ली माझ्या हातात आहे.
नाही सोडवणार. मर.

बाकीच्या खुंट्याही — मी घातलेल्या तारांच्या — सगळ्या —
तार सुटून माझ्या वेणीत —
प्रियंका, वाजवू नको. आधी खालच्या तारेत बघ, तुझ्या आईचे —