चवीचा रकाना

२९ डिसेंबर, सोमवार
पांढऱ्या वाईनच्या दोन टाक्या चाखल्या. पहिली छान. वासाला पेरू, फांदीवरचा, अजून न तोडलेला. मागून हिरव्या मिरचीचं देठ मोडल्यावर येतो तसला उग्र वास. जिभेवर ताकाच्या निवळीसारखी पातळ, शेवटी रायआवळा. दुसरीला नुसता ओला खडू. सरांनी, म्हणजे आमच्या वाइनमेकरनी, माझ्या वहीतून उतरवून घेतलं आणि रायआवळा खोडून 'गूजबेरी' केलं. विचारलं, सर, तुम्ही खाल्लीय का गूजबेरी? म्हणे, "पुस्तकात आहे ना." कपाळ माझं! वायनरी इंदापूर रोडला आणि वास विलायतेचे.
पण आज एक बोलले. मार्चपासून असिस्टंट वाइनमेकरची जागा निघतेय. "नऊ वर्षं लॅबमध्ये नळ्या धुतल्यास, पुरे झालं. यंदा लालचं मिश्रण तू ठरवायचं. बाटलीच्या मागे चवीचा मजकूर तुझा, खाली नावही तुझं." येताना शेळगाव फाट्यापर्यंत स्कूटीवर एकटीच हसत होते.

३० डिसेंबर
घरी सांगितलं. संतोष खूश, पेढे आणतो म्हणाला. त्याच्या आईचे, म्हणजे आत्याबाईंचे हात भाकरी थापता थापता थांबले. "बाटलीवर नाव? सूनबाईचं?" मग नेहमीचा प्रश्न: "तू तोंडाला लावत न्हाईस न्हवं?"
नाही आत्याबाई, नुसता वास घेते.
हे वाक्य लग्नाच्या बैठकीत वडिलांनी माझ्याकडून घोकून घेतलेलं. आठ वर्षं चाललंय. दिवसाला वीस घोट घेते आणि वीस थुंकते. थुंकलं म्हणजे घेतलं नाही, अशी मनाची समजूत.

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी.
नेमका आजच फोन. सर नाशिकला. पुढच्या आठवड्यात नवी द्राक्षं येणार, त्याआधी बॅरलं रिकामी पाहिजेत. "लालचं मिश्रण आजच ठरव, संध्याकाळपर्यंत मिसळून टाका."
दहावीपासून संकष्टी धरते. त्या दिवशी चाखायचं काम ठेवत नाही, कागदपत्रं उरकते. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आज उद्यावर ढकला म्हणायची हिंमत झाली नाही. सर म्हणाले असते, उपासतापासवाली बाई कसली वाइनमेकर.
तीन ग्लास. 'अ'मध्ये नुसती बॅरलची वाईन. 'ब'मध्ये थोडी प्रेसची, म्हणजे शेवटी साली दाबून काढलेली. 'क'मध्ये जास्त. तिन्हींचा वास घेतला. अ फिकी. ब बरी. क म्हणजे काय सांगू! पिकून फुटलेलं जांभूळ, काकवी, मिरी, नव्या चपलेचं कातडं. अर्धा तास ग्लासातून नाक निघेना. क ठरवली.
तात्या शेजारीच होते. सांगवीचे, वायनरी सुरू झाल्यापासून तळघरातल्या बॅरलांची राखण त्यांच्याकडे. त्यांनी घोट घेतला, गुळणा केला, थुंकले. "ताई, जिभंवर घ्या की येकदा. घशापाशी कडू मारतंय."
मी म्हटलं, "तात्या, आधी गालातली तंबाखू काढा, मग चव सांगा."
सगळे हसले. तात्याही हसले.
रजिस्टरात वासाचा रकाना भरला. चवीचा रिकामा ठेवता येत नाही. वास एवढा गोड, तर चव कुठं जातीय? लिहिलं: मऊ, भरीव, कडवटपणा नाही. सही.

७ जानेवारी
सकाळी गेल्या गेल्या टाकीतून काढून चाखली.
आधी जांभूळ, गूळ, सगळं जागच्या जागी. मग मेथीदाणा चावल्यासारखं. जीभ टाळ्याला चिकटली, कच्च्या केळ्याची साल चाटावी तशी. तीन चुळा भरल्या तरी जाईना.
एकदा मिसळलेलं वेगळं काढता येत नाही. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "बसेल हळूहळू."
"व्हय," तात्या म्हणाले, "बसंल."

१४ जानेवारी, संक्रांत
बसली नाही. रोज बघतेय. सरांना फोनवर "ठीक आहे" म्हणते.
तात्यांनी हातावर तिळगूळ ठेवला. घ्या ताई, गोड बोला. गोडच तर बोलतेय आठवडाभर.

२३ जानेवारी, शुक्रवार
झालं. पुण्याच्या हॉटेलचा माणूस आला होता. सरांनी मोठ्या तोऱ्यात ग्लास भरला. त्यानं वास घेतला, वा वा केलं, घोट घेतला आणि रुमाल तोंडाला लावला. म्हणाला, "औषध आहे का हे?"
तो गेल्यावर सरांनी रजिस्टर मागवलं. तो रकाना मोठ्यानं वाचला. मऊ, भरीव, कडवटपणा नाही. म्हणाले, "वैशालीची जीभ चुकत नाही. म्हणजे टाकीत भलतं पडलंय." तात्यांना बोलावलं. प्रेसची किती ओतली?
"ताईंच्या कागदापरमानं. थेंब जास्त न्हाई."
"तिनं स्वतः चाखून लिहिलंय. मग कडू कुठनं आलं?"
तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे. एक वाक्य बोलायचं होतं. मी चाखली नव्हती, सर. चार शब्द.
तात्या म्हणाले, "चुकलं आसंल माझंच."

२४ जानेवारी
तात्यांना तळघरातून काढलं. आता आवारात क्रेट मोजायला. उन्हात, डोक्याला टॉवेल. तळघराची किल्ली ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे, तंबाखूच्या पुडीशेजारी. सरांच्या टेबलावर ठेवली तेव्हा किल्लीला तंबाखू चिकटलेली होती. सरांनी ती फुंकून झटकली.
मी तेव्हा तिथंच होते. नळ्या धूत.

३० जानेवारी
जेवायच्या सुट्टीत आवारात गेले. तात्या क्रेटवर बसून भाकरी खात होते. विचारलं, का बोलला नाहीत? तुम्हाला माहीत होतं मी ग्लास ओठाला लावला नव्हता.
"तुमचा उपास हुता ताई. रिसेसला दाण्याचा लाडू खाताना बघितलं मी. आता कुणाचा उपास मी चव्हाट्यावर आणू व्हय?"
मी शेजारचा क्रेट ओढून बसले.
"अन् मला वाटलं, तुमीच बोलाल."
एवढंच. आवाज चढला नाही, काही नाही. पुढं विचारलं, "कांदा घेता का?" मी कांदा घेतला. बेशरम आहे मी. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी
सरांनी मार्ग काढलाय. कडू लाल थोडी थोडी करून दुसऱ्या टाक्यांत जिरवायची. मिश्रण नवं, मजकूर जुनाच. बाटलीच्या मागचा कागद छापायला जातोय. 'पिकलेलं जांभूळ, गूळ, मिरी. मऊ आणि भरीव.' खाली माझं नाव, आडनावासकट. गूजबेरीसुद्धा नाही कुठं. सगळे शब्द माझे.
माझ्या नेमणुकीचं पत्र पुढच्या सोमवारी देणार म्हणाले. मी "थँक्यू सर" म्हटलं. पुन्हा गोडच.
तात्यांबद्दल विचारलं, त्यांना परत आत घेणार का? "वय झालंय त्यांचं. जीभ गेली की माणूस गेला."
त्यांची जीभ गेली! हे ऐकूनही मी उभीच.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संकष्टी.
सर सोमवारपर्यंत बाहेर. दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. त्या टाकीतून अर्धा ग्लास काढला. वास घेतला नाही, वासावर विश्वास उरला नाही. तोंडात धरली, मनात वीस मोजले आणि थुंकायच्या भांड्याकडे वाकले. आणि गिळली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. उपवासाच्या दिवशी. छातीपर्यंत कडू उतरत गेली.
देवा, तुला काय सांगू. अंगारकी पाळली आणि म्हाताऱ्याला उन्हात बसवलं. तसला उपास कशाला ठेवू?
रजिस्टर काढलं. ६ जानेवारीचं पान. त्या ओळीखाली लिहिलं: 'या दिवशी मी चाखलेली नव्हती. फक्त वास घेतला होता. कडू आहे हे तात्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.' आजची तारीख, सही. रजिस्टर लॅबमधल्या सरांच्या टेबलावर ठेवलं.
घरी आले. आत्याबाई दारातच राजगिरा निवडत होत्या. मी वाकून चपला काढल्या तशी त्यांनी मान वर केली. वास घेतला. कळलं मला.
"काय गं, आज नुसता वासच घेतलास न्हवं?"
मी उत्तर दिलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा. नुसता वास घेतला तो दिवस महिन्यापूर्वी होऊन गेला, हे त्यांना कसं सांगू?
त्यांनी सुपातला राजगिरा एकसारखा केला. मग म्हणाल्या, "तोंड धू. चंद्र निघायला येळ हाय अजून." आणि सूप घेऊन आत गेल्या. संतोषला काय सांगतील, सांगतील का, ठाऊक नाही.
रजिस्टरची शिवण उसवलेली आहे. ते पान ओढलं तर सहज निघेल, कुणाला कळणारही नाही. सर सोमवारी येणार. मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार.
लॅबची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे.