एक प्लेट, दोन चमचे

रविवार, २ मार्च

गेलो एकदाचे! चाकांची खुर्ची टॅक्सीच्या डिकीत मावेना. शेवटी डिकी उघडी ठेवून दोरीने बांधली. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, एवढा खटाटोप कशासाठी?" ऑम्लेट खायला, म्हटलं. हसला. हसू दे.

हॉस्पिटलातून सुटून चार महिने होत आले. घरात बसून बसून ह्यांचा चेहरा भिंतीसारखा झालाय. डॉक्टर म्हणालेच होते — बाहेर काढा, माणसं दिसू देत, जिभेला चव येऊ दे. आणि आणखी एक म्हणाले होते, "त्यांचं डाव्या बाजूकडे दुर्लक्ष आहे, तिकडे लक्ष असू द्या." देतेय लक्ष. लुळा पडलेला डावा हात दिवसातून तीनदा चोळते. बसते डावीकडे, झोपते डावीकडे, जेवताना तो हात माझ्या मांडीवर असतो. आता कोणी म्हणून दाखवावं दुर्लक्ष.

खाऊगल्लीतल्या निम्म्या गाड्यांच्या पाट्या ह्यांनीच रंगवलेल्या. रंग ह्यांचा, अक्षर ह्यांचं, आणि सूत धरायला मी. खडू फासलेलं सूत पाटीवर ताणायचं — डावं टोक माझ्याकडे, उजवं ह्यांच्याकडे — मध्ये टिचकी मारली की रेघ सरळ उमटते. चाळीस वर्षं डावं टोक धरलं मी. आज खुर्ची ढकलत त्या पाट्यांखालून गेले तर प्रत्येक पाटीचा दिवस आठवत होता.

ऑम्लेटवालीने लांबूनच ओळखलं. "एक प्लेट, दोन चमचे ना?" लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून तेच. प्लेट आली की हे चमच्याने मधोमध रेघ ओढायचे, सूत मारल्यासारखी. म्हणायचे, "ही तुझी बाजू. हद्द ओलांडायची नाही." आणि मग ओलांडायचे स्वतःच.

आज रेघ ओढली नाही. पण उजवी अर्धी प्लेट चाटूनपुसून खाल्ली आणि डावी अर्धी, माझ्याकडची, तशीच ठेवली. चमचासुद्धा लावला नाही! माझ्या डोळ्यांना धार लागली. मिरची लागली, असं सांगितलं ऑम्लेटवालीला.

सोमवार, ३ मार्च

लेकीचा फोन. तिला अर्ध्या प्लेटचं सांगितलं. "बरं वाटलं ऐकून," म्हणाली, आणि त्याच दमात — "आई, केअर सेंटरवाले खोली महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार आहेत."

तिचंही चुकत नाही. ती लांब. मी सदुसष्टची. काल खुर्ची उतरवताना पाठ धरली ती अजून सोडत नाहीये. ह्यांना आंघोळ घालायची म्हणजे एका पैलवानाने दुसऱ्याला घालायची, आणि मी काही पैलवान नाही. पण जो माणूस आजारपणातही माझा वाटा राखून ठेवतो, त्याला कुणाच्या तरी हवाली करायचं? विचार करते म्हटलं. चार आठवडे आहेत.

शनिवार, ८ मार्च

तळ्यावर नेलं. गर्दी बरीच. गुलाबी म्हातारीचे केस विकत होता एकजण. ह्यांना साखर वर्ज्य, पण चिमटीभर द्यायला काय हरकत? म्हटलं, "घ्या, म्हातारीचे केस. घरची म्हातारी काही देणार नाही तिचे." पूर्वी ह्यावर खो खो हसले असते.

हसले नाहीत. उजवीकडच्या रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाले, "ती कुठे गेली?"

"कोण ती?"

"बाई, तुम्ही पाहिलंत का? इथेच होती मघाशी."

बाई! मला! आधी वाटलं, ही कोण नवी निघाली म्हातारपणी. मग उठून समोर उभी राहिले. हे तोंडभर हसले. "आलीस? कुठे गेली होतीस इतका वेळ?" आता कुठे जाणार मी? पुन्हा शेजारी बसले, हात मांडीवर घेतला. पाच मिनिटं झाली असतील नसतील — "ती कुठे गेली?"

सात वेळा. मी मोजलं.

चारचौघांत मी कायम 'ही' होते. "हिला विचारा." "ही म्हणेल तसं." आता 'ती' झाले. शेजारी बसलेल्या बायकोला 'ती' म्हणतं का कोणी?

रविवार, ९ मार्च

रसवाल्याच्या गाडीवर 'बिनसाखरेचा रस' अशी मोठी पाटी आहे. हिरवी, पिवळ्या कडेची. ह्यांचीच. मोठ्याने वाचली — "साखरेचा रस."

"अहो, बिनसाखरेचा."

"बिन कुठे आहे? कोणी खोडलं? माझी पाटी खराब कोणी केली?" आवाज चढला. रसवाला म्हणाला, "काका, गोड खायचंय तर सरळ सांगा ना!" रांगेतले सगळे हसले. मीसुद्धा. घरी आल्यावर वाटलं, मी तरी हसायला नको होतं.

ऑम्लेटची माझी बाजू मात्र राखली आजही. तेवढ्यावर आठवडा काढीन.

बुधवार, १२ मार्च

एका हाताने खुर्ची पुढे नेताना ह्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटला. पुन्हा. बर्फ लावला. चौकट तीच, दार तेच, बत्तीस वर्षं त्याच दारातून जातायत.

रविवार, १६ मार्च

ऑम्लेटवालीने पत्र्याची कोरी पाटी दिली. "काका, जुनी गंजली. तुम्हीच रंगवायची, दुसऱ्या कोणाच्या हातची नको." ह्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं, कड तपासली, मान हलवली. कितीतरी दिवसांनी कामाच्या माणसाचा चेहरा दिसला. टॅक्सीत पाटी मांडीवर घेऊन बसले होते.

आजही "ती कुठे गेली" चाललंच होतं. चार वेळा फक्त. म्हणजे सुधारणा म्हणायची का?

मंगळवार, १८ मार्च

सकाळी माळ्यावरून रंगाचे डबे काढले. ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजवून मऊ केले. पाटी टेबलावर ठेवली, ह्यांना समोर बसवलं, सुताला खडू लावला. जागा ठरलेली — डावं टोक मी धरलं; उजवं टेबलाला बांधून टाकलं, ह्यांचा एकच हात चालतो.

"सूत धर गं."

"धरलंय."

"कुठे धरलंयस? धर म्हणतो ना!"

मी टोक हलवून दाखवलं. बघितलंच नाही. शेवटी वैतागून टिचकी मारली. रेघ उमटली, सरळ.

मग ब्रश उचलला आणि पाटीच्या बरोबर मध्यापासून सुरुवात केली. हात थरथरत नव्हता. 'ऑ' असा काढला की जुन्या पाटीवरचा उचलून ठेवलाय. 'म्ले' येईपर्यंत जागा संपत आली. 'ट' कडेला कसाबसा कोंबला, शेपूट पत्र्याबाहेर. डावी अर्धी पाटी कोरी करकरीत.

"कशी झाली?" म्हणाले. "जरा दाटी झाली. पाटी लहान दिली ऑम्लेटवालीने."

ह्यांचं अक्षर आजवर कधी हद्दीबाहेर गेलं नव्हतं. मी 'छान' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

गुरुवार, २० मार्च

लेकीला पाटीचा फोटो पाठवला. तिचा मेसेज आला नाही, फोनच आला. "आई, हे आता आपल्या हातातलं नाही गं." बाबा तुला ओळखत नाहीत, तू कुणासाठी थांबलीयेस, असंही म्हणाली. ओळखतात, म्हटलं. दर रविवारी माझा वाटा ठेवतात. तिने माझ्या पाठीचं विचारलं. मला कळतं ती कधी विषय बदलते.

रविवार, २३ मार्च

लिहायला नको वाटतंय. पण मग सांगू कुणाला?

ऑम्लेटवालीला पाटी दाखवलीच नाही, वाळतेय म्हटलं. एक प्लेट, दोन चमचे. ह्यांनी आपली बाजू संपवली. माझी तशीच. मी मुद्दाम थांबले होते, जरा वेळ बघत बसावं म्हणून. तेवढ्यात ऑम्लेटवालीने टेबलावर फडकं मारायला प्लेट उचलली आणि टेबल पुसून पुन्हा ठेवली. उलटी फिरवून. तिला बिचारीला काय माहीत.

हे वाकले. "अरे, अजून आहे की," म्हणाले. आणि माझा वाटा खाऊन टाकला. सगळा. मी चमचा हातात धरून बसलेली.

म्हणजे राखून ठेवत नव्हते. खायचं विसरत होते नुसतं. मीच आपली वेडी, त्यावर इमले बांधत होते.

प्लेट रिकामी झाल्यावर आजूबाजूला बघितलं आणि ऑम्लेटवालीला विचारलं, "ती आली नाही का आज?"

सोमवार, २४ मार्च

लेकीला हो म्हटलं. सोमवारी, एकतीस तारखेला, गाडी येईल. ती स्वतः येणार आहे न्यायला. फोनवर दोघींपैकी कोणी रडलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

सेंटरवाल्यांची यादी आली. सहा सदरे, प्रत्येकावर नाव घालून. धुलाईला सगळ्यांचे कपडे एकत्र जातात म्हणे. तोंडाने ह्यांचं नाव कधी घेतलं नाही मी, आता सहा वेळा दोऱ्याने लिहायचं. निळा दोरा घेतला. पहिलं नाव घालायला तासभर लागला. सुईत दोरा ओवता येईना, आणि डोळ्यांचं कारण नव्हतं.

गुरुवार, २७ मार्च

नेहमीच्या फिजिओबाई रजेवर. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. आत आली, आणि ह्यांच्याकडे बघायच्या आधी भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे बघत राहिली.

"ही कोणी रंगवली?"

सांगितलं.

तिने फाइल मागितली. चाळली. मग एका पानावर बोट ठेवून मला म्हणाली, "काकू, हे तुम्हाला कोणी समजावलं नाही?" डावीकडे दुर्लक्ष, तेच लिहिलेलं. म्हटलं, समजावलं की. म्हणून तर मी रोज तीनदा —

"तसं दुर्लक्ष नाही हो. हे आजाराचं नाव आहे. डोळे चांगले आहेत त्यांचे. पण डाव्या बाजूला काही आहे, हेच मेंदू धरत नाही. अर्धी पाटी नाही, अर्धी प्लेट नाही, अर्धं दार नाही." मग विचारलं, "तुम्ही कुठे बसता?"

"डावीकडे," म्हटलं.

तिने फाइल मिटून बाजूला ठेवली.

चार महिने. हात मांडीवर घेऊन बसले, तेल चोळलं, कानाशी बोलले — आणि हा माणूस मला शोधत होता. विचारलं, माझा आवाज? "आवाज येतो. कुठून येतो ते कळत नाही बऱ्याचदा. कोणाचा, तेही कधीकधी." आधी उजवीकडे बसा म्हणाली, मग काही आठवड्यांनी थोडं थोडं मध्ये सरका. बरं होईल का? "थोडं. पूर्ण नाही सांगता येत."

डॉक्टर मराठीत बोलले होते, मला मराठी येतं, आणि तरी हे असं! त्या एका शब्दाने घात केला. का मीच केला? कोणाला जाब विचारू?

आणि आता कळून तरी काय करायचं? गुडघे तेच, पाठ तीच. खोली ठरली, गाडी ठरली. लेकीने रजा टाकली. चार सदऱ्यांवर नाव घालून झालंय. उरलेले दोन उद्या.

शनिवार, २९ मार्च

उरलेले दोन झाले नाहीत. उद्या शेवटचा रविवार. नेते.

रविवार, ३० मार्च

सवयीने दोनदा डावीकडे गेले. मग स्टूल उचलून उजवीकडे ठेवलं आणि बसले. लुळा हात एकटाच पडला तिकडे. जिवावर आलं.

ऑम्लेटवालीने विचारलं, "काका, आज कोण आलंय सोबत?"

"ही," म्हणाले.

एक प्लेट, दोन चमचे. ह्यांना दिसते तेवढी, उजवी अर्धी. त्या अर्ध्याच्या मधोमध चमच्याने रेघ ओढली. सरळ. "ही तुझी बाजू," म्हणाले. "हद्द ओलांडायची नाही." आपला पाव प्लेटचा वाटा खाऊन थांबले, आणि मी खाईपर्यंत माझ्याकडे बघत बसले. तासाभरात एकदाही "ती कुठे गेली" नाही.

लेकीला फोन करायचाय. काय बोलायचं ते जुळत नाहीये अजून. तोवर सदरे घेऊन बसलेय. दोन नावं उसवून झाली.