मनीची गोधडी

अमरावती, मंगळवार, दिवेलागणीला

आमची मांजर मनी कालपासून उपाशी. लेकीनं अकोल्याहून मांजराचं पिल्लू आणलं. पाहुणं म्हणून मी ते मनीच्याच गोधडीवर बसवलं. पाहुण्याला चांगली जागा द्यायचीच ना? पण इतक्या वर्षांची तिची जागा, तिला न विचारता? मनी फिसकारून भिंतीवर जाऊन बसली. चौथीत पाठ केलेली मांजराची कविता गुणगुणून बोलावलं, तर शेपूट फुगवली.

सून म्हणाली, "बाबा, कविता कायले म्हणून राह्यले? तिची गोधडी तिले द्या आधी!"

पिल्लाला माझं जुनं धोतर देऊन खोलीत ठेवलं, दार लावलं. गोधडी दाराबाहेर अंथरली, शेजारी दूध. मनी उतरली. गोधडी हुंगली, पुन्हा हुंगली, मग बसली. आतून पिल्लू ओरडलं. ती गुरगुरली, पण उठली नाही. गुरगुरतच दूध प्यायली.

तेव्हा कुठे मलाही भूक लागली.